मौनाचे नागरिकत्व

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावरच्या भातखाचरांना लागून कारैकल वसले आहे. १७३९ पासून, मधले ब्रिटिश ताब्याचे कालखंड वगळता, ते फ्रेंचांकडे होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तेथील प्रशासन भारताकडे आले. सार्वभौमत्व मात्र २८ मे १९५६ चा करार १६ ऑगस्ट १९६२ रोजी अमलात आल्यावरच हस्तांतरित झाले. मधली जवळपास आठ वर्षे तिरुनल्लार, नेडुंगाडू या गावांतील अनेक रहिवासी भारतीय कारभाराखाली राहत होते आणि कायद्याने फ्रेंच नागरिक होते.

कराराने हा तिढा जन्मस्थान आणि अधिवास या दोन कसोट्यांवर सोडवला. वसाहतीत जन्मलेला आणि तेथेच राहणारा फ्रेंच नागरिक आपोआप भारतीय झाला. फ्रेंच राहायचे तर सहा महिन्यांत लेखी निवेदन देणे भाग होते. सायगावला नोकरीस असलेला त्याचा भाऊ मात्र काहीही न करता फ्रेंच राहिला. दोन सख्ख्या भावांच्या मौनाचे असे दोन अर्थ लागले. मुदतीत फ्रेंच नागरिकत्व राखणारे सुमारे पाच हजारच निघाले.

वसाहतीबाहेर जन्मलेल्या फ्रेंच नागरिकांबाबत तर करारच मौन होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत तमिळ घरांतही आहे. सून कुंभकोणमची असेल, तर थोरले मूल भारतीय हद्दीत जन्मे. अशा व्यक्तींना करार लागू होत नाही, त्यांचे फ्रेंच नागरिकत्व अबाधित आहे, असा अर्थ फ्रेंच न्यायालयांनी पुढे लावला. धाकट्याला बंद झालेली पासपोर्टची वाट थोरल्याला आजोळच्या जन्मनोंदीमुळे खुली राहिली.

गोव्यात २८ मार्च १९६२ च्या आदेशाने जुने नागरिकत्व राखण्यासाठी अवघा एक महिना दिला. पोर्तुगालने मात्र जुन्या जन्मनोंदींचे दार उघडे ठेवले. त्या दाराने जाणाऱ्या गोमंतकीयाला आजही भारतीय नागरिकत्व गमवावे लागते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

२०१५ मध्ये भारत-बांगलादेश छिटमहालांची अदलाबदल झाली, तेव्हा संयुक्त पथकांनी रहिवाशांची इच्छा आधी विचारून नोंदवली. हाच मार्ग अधिक न्याय्य आहे. भूमीचे हस्तांतर दोन सरकारांच्या स्वाक्षऱ्यांनी होते. माणसाचे नागरिकत्व मात्र त्याला त्याच्या भाषेत, पुरेशा मुदतीत विचारूनच ठरावे. कारैकलमध्ये ज्याला मूक संमती मानले गेले, ते कित्येकांच्या बाबतीत निव्वळ अज्ञानही असू शकेल.