मोडांवरील सूक्ष्मजंतू
मोडांवरील सूक्ष्मजंतू : कडधान्ये व अन्य बिया भिजवून आणलेल्या मोडांवर वाढणारे सूक्ष्मजंतू. मूग, मटकी, हरभरा, मेथी, लसूणघास, मुळा इ. वनस्पतींच्या मोडांवर ते नेहमीच आढळतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. तथापि काही जातींमुळे गंभीर आंत्ररोग होतात. मोड कच्चे खाल्ले जातात तेथे हा धोका अधिक असतो.

वाढीस पोषक परिस्थिती : भिजलेले बी फुगून त्याचे कवच फाटते व त्यातून शर्करा, ॲमिनो अम्ले इ. पदार्थ पाझरतात. हेच सूक्ष्मजंतूंचे अन्न होय. मोड येण्यास अनुकूल असलेले २०° ते ३०° से. तापमान व भरपूर ओलावा त्यांनाही मानवतो. परिणामी दोन-तीन दिवसांत त्यांची संख्या झपाट्याने वाढून एका ग्रॅम मोडांत १ कोटी ते १०० कोटींपर्यंत जाऊ शकते. त्यांत स्यूडोमोनास, एंटेरोबॅक्टर, पँटोइया इ. प्रजातींचे प्राबल्य असते. एकूण संख्या मोठी असली म्हणजे मोड अपायकारक ठरतात असे नाही; त्यांत रोगकारक जाती आहेत किंवा नाहीत, यास महत्त्व आहे. अशा जाती असूनही मोडांचा रंग, वास व चव यांत फरक पडत नाही.

दूषणाचा उगम : रोगकारक जंतू बहुधा बियांबरोबरच येतात. शेतातील कच्चे शेणखत, दूषित पाणी, पशुपक्ष्यांची विष्ठा आणि कोठारातील उंदीर ही त्याची कारणे होत. साल्मोनेला जंतू कोरड्या बियांवर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. बियांच्या साठ्यातील अल्पसे दूषणही मोड येताना सर्व राशीत पसरते.

रोग : साल्मोनेलाच्या संसर्गानंतर सामान्यतः ६ ते ७२ तासांत ताप, पोटात कळा व अतिसार सुरू होतो. एश्चेरिकिया कोलाय या जातीच्या शिगा-विष निर्माण करणाऱ्या प्रकारांमुळे रक्तमिश्रित अतिसार होतो. काही रुग्णांत रक्तातील तांबड्या कोशिकांचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. बॅसिलस सीरियसच्या विषांमुळे उलट्या व जुलाब होतात. लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारक्षमता कमी झालेल्या व्यक्ती यांना अशा संसर्गांचा धोका अधिक असतो.

उद्रेक : अमेरिकेत १९७३ मध्ये घरगुती संचातून तयार केलेल्या मोडांमुळे बॅसिलस सीरियसची विषबाधा झाली. १९९६ मध्ये जपानमधील साकाई शहरात शालेय भोजनातून सहा हजारांहून अधिक मुलांना एश्चेरिकिया कोलाय ओ१५७ : एच७ याची बाधा झाली, पांढऱ्या मुळ्याचे मोड हे त्याचे सर्वाधिक संभाव्य कारण मानले गेले. जर्मनीत २०११ साली ओ१०४ : एच४ या प्रकारामुळे सुमारे ३,८०० लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले. प्रथम स्पेनमधील काकड्यांवर संशय घेण्यात आला होता. नंतरच्या शोधात ईजिप्तहून आयात केलेल्या मेथीच्या बियांपर्यंत माग लागला.

प्रतिबंध : जंतू बियांच्या भेगांत दडलेले व मोडांना घट्ट चिकटलेले असल्याने पाण्याने धुऊन ते पूर्णतः निघत नाहीत. कॅल्शियम हायपोक्लोराइटाच्या विद्रावात बिया बुडविल्याने त्यांची संख्या घटते, परंतु निर्जंतुकीकरणाची खात्री देता येत नाही. म्हणून व्यापारी उत्पादनात मोडांवरून वाहून गेलेल्या पाण्याची जंतुपरीक्षा करतात. शीतकपाटात मोड ठेवल्याने बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत.

मोड पूर्णपणे शिजविणे हाच खात्रीचा उपाय होय. महाराष्ट्रात मटकी, मूग, वाल इ. कडधान्यांच्या मोडांची उसळ करण्याची रीत या दृष्टीने हितावह आहे. कोशिंबिरीत घातलेल्या कच्च्या मोडांना मात्र हे संरक्षण लाभत नाही. बॅसिलस सीरियसची बीजाणू शिजविल्यानंतरही टिकू शकतात, म्हणून शिजविलेली उसळ फार वेळ कोमट न ठेवता लवकर खावी किंवा थंड करून ठेवावी.