क्रूझचे बुकिंग करण्याआधी : केबिन, विमान आणि किनाऱ्यावरच्या सहली रुग्णाच्या नजरेतून

“डॉक्टर, परवा निघायचंय. ‘प्रवासाला हरकत नाही’ एवढं लिहून द्या.” दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर असे कागद घेऊन येणारी कुटुंबे दरवर्षी वाढत आहेत. कुणी मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला निघालेले असते, कुणी सिंगापूरहून जहाज धरणार असते, तर कुणाला अमेरिकेतल्या मुलाने अलास्काच्या क्रूझचे तिकीट पाठवलेले असते. मी रक्तदाब पाहतो, छाती तपासतो, लिहूनही देतो. पण खरे सांगायचे तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. केबिन ठरलेली असते, विमान ठरलेले असते, सहलींचे पैसे भरलेले असतात आणि यातली बरीचशी निवड आई-बाबांच्या गुडघ्याला, साखरेला किंवा हृदयाला न विचारता झालेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की डॉक्टरांना बॅग भरताना नाही, आगाऊ रक्कम भरण्याआधी भेटा. भेटल्यावर काय विचारायचे आणि कंपनीला काय विचारायचे, ते पुढे वाचा.

जहाजावर दवाखाना असतो, रुग्णालय नसते

मोठ्या क्रूझ जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका असतात. ईसीजी निघतो, सलाईन लावता येते, टाके घालता येतात, प्राणवायू देता येतो आणि झटका आलेल्या रुग्णाला तात्पुरते सावरता येते. पण अँजिओप्लास्टी, डोक्याचे सीटी स्कॅन किंवा पोटाची तातडीची शस्त्रक्रिया तिथे होईल असे समजू नका. त्यासाठी पुढच्या बंदरापर्यंत थांबावे लागते किंवा रुग्णाला जहाजावरून हलवावे लागते. हेलिकॉप्टरचा पल्ला, हवामान आणि समुद्राची अवस्था पाहूनच ते ठरते. घरी छातीत दुखू लागल्यावर तासाभरात जे मिळते, ते समुद्रात मिळायला बराच वेळ लागू शकतो.

याचा अर्थ हृदयरुग्णाने क्रूझला जाऊच नये असा नाही. तब्येत स्थिर असलेली, रोज अर्धा तास चालणारी, औषधे नियमित घेणारी कितीतरी मंडळी मजेत जाऊन येतात. मात्र नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, गेल्या काही आठवड्यांत छातीत दुखण्यामुळे किंवा दम लागण्यामुळे दाखल व्हावे लागले असेल, औषधांचे डोस अजून बदलत असतील, तर सहल पुढे ढकला. अशा वेळी विमान कंपनी काही दिवसांत परवानगी देतेही, पण विमान काही तासांत उतरते आणि जहाज दिवसेंदिवस पाण्यावर असते. मी स्वतः माझ्या रुग्णांना निदान दोन-तीन महिने थांबायला सांगतो.

डायलिसिसवर असलेल्यांनी सामान्य क्रूझचे बुकिंग करू नये. डायलिसिसची सोय असलेल्या वेगळ्या सहली असतात, त्यांची चौकशी फार आधी करावी लागते. गर्भवतींना बहुतेक मोठ्या कंपन्या २४ आठवड्यांनंतर जहाजावर घेत नाहीत, आणि हे २४ आठवडे सहल संपेपर्यंतचे मोजतात, सुरू होतानाचे नव्हे. तान्ह्या बाळासाठीही वयाची अट असते, बहुधा सहा महिन्यांची आणि लांबच्या सफरीला वर्षाची.

केबिन कोणती घ्यायची

एजंट खिडकी आणि बाल्कनीबद्दल बोलतो. तुम्ही जागेबद्दल विचारा.

घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याचे पोट जसे ढवळते तसे मधल्या सीटवरच्याचे ढवळत नाही. जहाजाचेही तसेच आहे. पुढचे आणि मागचे टोक लाटेबरोबर वर-खाली जाते, वरचे मजले डाव्या-उजव्या अंगाला जास्त झुलतात. लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी खालची, मधली, साधी केबिन ही वरच्या मजल्यावरच्या महागड्या केबिनपेक्षा चांगली.

स्वस्तात मिळते म्हणून ‘गॅरंटी केबिन’ घेतली तर केबिनचा प्रकार तेवढा पक्का असतो, जागा कंपनी ठरवते. तरुणांना चालेल. सोबत वयस्कर माणूस असेल तर थोडे जास्त पैसे देऊन क्रमांक आधी निवडा आणि जहाजाच्या नकाशावर लिफ्ट किती लांब आहे ते पाहा. मोठी जहाजे तीनशे मीटरहून लांब असतात. जेवणाच्या हॉलपासून केबिनपर्यंत दिवसातून चार-पाच फेऱ्या म्हणजे गुडघेदुखीवाल्याला चांगलीच पायपीट होते.

साध्या केबिनच्या बाथरूमला बहुतेक वेळा उंबरठा असतो आणि आत जागा जेमतेम. जहाज हलत असताना, ओल्या फरशीवर, रात्री अर्धवट झोपेत तो उंबरठा ओलांडणे म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रण. काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या, आधाराचे दांडे असलेल्या केबिन असतात. त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. चौघांच्या केबिनमध्ये दोन बिछाने छताकडून खाली ओढायचे असतात, तिथे शिडीने चढावे लागते. आजोबांना तिथे कोण झोपवणार, हे आधी ठरवा.

आतल्या बाजूच्या केबिनला खिडकी नसते. दिवे घालवले की मिट्ट काळोख. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्यांना अशा खोलीत रात्री जाग आली की दिशाभूल होते, वेळ कळत नाही, घाबरून उठून बाहेर जातात. त्यांच्यासाठी खिडकीची खोली घ्या, एक लहान रात्रदिवा न्या आणि दाराजवळच्या बिछान्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाने झोपा.

आणखी एक. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. ज्यांना जिना चढता-उतरता येत नाही त्यांची नोंद बुकिंगच्या वेळीच करून ठेवा. झोपेत सीपॅप यंत्र लावणाऱ्यांनीही तेव्हाच कळवावे, कारण घरून नेलेली एक्स्टेंशन बोर्डाची वायर अनेक जहाजांवर काढून घेतात.

समुद्र लागणे

पहिला उपाय महिना निवडण्याचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च तो त्यामानाने शांत असतो.

दुसरा उपाय गोळीचा, आणि इथे दोन चुका नेहमी होतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेणे ही एक. प्रोमेथाझिन (ॲव्होमिन) किंवा सिनारिझिन (स्टुजेरॉन) निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची असते. उलटीसाठी घरात असलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी प्रवासात लागण्यावर चालेल असे समजणे ही दुसरी. तिचा इथे फारसा उपयोग होत नाही.

पण या गोळ्या सर्वांना चालत नाहीत. प्रोमेथाझिनने गुंगी येते, तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढू शकतो. तिच्यासोबत मद्य नको आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये. पार्किन्सन असलेल्यांना सिनारिझिन देऊ नये, कंप आणि ताठरपणा वाढतो. म्हणून गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि एकदा घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. किती झोप येते ते तिथेच कळेल. बाकी, उघड्या डेकवर उभे राहून दूर क्षितिजाकडे पाहणे, पोट रिकामे न ठेवणे आणि मोबाइल खिशात ठेवणे हे सर्वांना चालते. आलेपाकाची वडी थोडी मदत करते, तिच्यावर फार विसंबू नका. मधुमेहींनी आल्याचा तुकडा चघळावा.

विमान

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोहोचणारे विमान घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि रात्रभर जागलेला, वेळेवर न जेवलेला मधुमेही थेट बंदरावरच्या रांगेत उभा राहतो. एक दिवस आधी पोहोचा, झोप घ्या. परतीचे विमानही दुपारनंतरचे ठेवा, उतरण्याच्या सकाळी सगळ्यांनाच घाई असते.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेवढ्यासाठी गोळ्यांच्या वेळा फार बदलाव्या लागत नाहीत. अमेरिकेतून क्रूझ असेल तर इन्सुलिन, विशेषतः रात्रीचे लांब पल्ल्याचे, कधी आणि किती घ्यायचे हे कागदावर लिहून घ्या. लांबच्या विमानात कडेची सीट घ्या, दर तासा-दोन तासांनी उठून फिरा. आधी पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा नुकती मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर बुकिंगआधीच बोला. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू भरला असेल, तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमानप्रवास करायचा नाही. दृष्टी जाऊ शकते.

औषधांची पिशवी हातातच

माझे एक रुग्ण, वय ६८, मधुमेह आणि हृदयात स्टेंट. सहल छान झाली. शेवटच्या रात्री सूचना आली की मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवा, सकाळी बंदरावर मिळतील. त्यांनी सगळे आवरून ठेवले, इन्सुलिन आणि गोळ्यांसकट. सकाळी नाश्ता झाला, औषध नाही. उतरायला उशीर, मग बॅग शोधण्यात वेळ, मग विमानतळ. बॅग उघडली तेव्हा दुपार झाली होती आणि साखर चारशेच्या पुढे. पुढे काही बिघडले नाही, पण रक्त पातळ करणारी गोळीही त्या दिवशी चुकली होती, आणि स्टेंट बसवलेल्याने ती एक दिवसही चुकवू नये.

चढतानाही असेच होते. बंदरावर दिलेली बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. म्हणून सगळी औषधे हातातल्या पिशवीत, निदान एक आठवड्याचा जादा साठा धरून. इन्सुलिन विमानाच्या सामानात टाकू नका, ते गोठले तर निकामी होते. केबिनमधला लहान फ्रिज कधी नीट थंड करत नाही, तर कधी मागच्या बाजूला बर्फ धरतो. त्यात इन्सुलिन कप्प्याच्या पुढच्या भागात ठेवा किंवा कर्मचाऱ्यांना दवाखान्याच्या फ्रिजबद्दल विचारा.

गोळ्या मूळ पाकिटात, सोबत घटकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी, जुना ईसीजी आणि अँजिओग्राफीचा अहवाल. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडिन असलेली खोकल्याची औषधे यांना सिंगापूर आणि दुबईत कडक नियम आहेत, आधी परवानगी लागू शकते. आणि दुबईची क्रूझ असेल तर फराळाच्या डब्यात खसखस लावलेले अनारसे नकोत. तिथे खसखशीला बंदी आहे.

किनाऱ्यावरच्या सहली

‘चालणे : मध्यम’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ विचारा. किती किलोमीटर, किती पायऱ्या, बस कुठपर्यंत जाते, स्वच्छतागृह कधी मिळते. काही ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपमध्ये लहान बोटीत उतरून जावे लागते आणि ती बोट हलत असते. ज्यांना रिक्षात चढताना आधार लागतो त्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहावे. रिकाम्या डेकवरची ती दुपार वाईट नसते.

तब्येतीचा भरवसा कमी असेल तर सहल जहाजाकडूनच घ्या, महाग पडली तरी. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहते किंवा तुम्हाला पुढे पोहोचवते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर तुम्ही धक्क्यावर आणि तुमची औषधे समुद्रात.

बसमध्ये अडचण नको म्हणून पाण्याची गोळी बरेच जण न विचारता बंद करतात. आठवडाभर असे केले, वर बुफेतले खारट सूप, लोणची, चीज खाल्ले, की हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे पाय सुजतात आणि आडवे झाल्यावर दम लागतो. गोळी बंद करू नका, सहलीच्या दिवशी वेळ बदलता येईल का ते विचारा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर आणि सीलबंद बिस्किटे ठेवावीत, कारण दुपारचे जेवण हमखास लांबते.

जुलाब-उलट्या

जहाजावर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. भिंतीवरचे सॅनिटायझर त्यावर पुरेसे काम करत नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबण आणि पाण्यानेच हात धुवा. लक्षणे दिसली तर लपवू नका, दवाखान्यात कळवा. ओआरएसची पाकिटे घरून न्या. सतत उलट्या-जुलाब होत असताना मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे थांबवावी लागतात. कोणती, ते निघण्यापूर्वी लिहून घ्या. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका.

विमा

जहाजावरच्या दवाखान्याचे बिल तुमच्या खोलीच्या खात्यात लागते आणि ते मोठे असू शकते. तुमच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात बहुधा परदेशातला खर्च धरलेला नसतो. प्रवास विमा घेताना जुने आजार लिहून द्या. हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवला तर दावा नाकारला जातो. क्रूझवरचे उपचार, जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि जुन्या आजारातून उद्भवलेली आणीबाणी या तीन गोष्टी पॉलिसीत आहेत का, हे एजंटच्या तोंडी न मानता कागदावर पाहा.

घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, खोकला, धाप किंवा जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना ‘जहाजावर होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल तर मालीश करू नका, त्याच दिवशी दाखवा.