फाटकाच्या बाहेर उभे असलेले पालक

महाराष्ट्रात शाळेचे नवे वर्ष पावसाच्या सोबतीने सुरू होते. बहुतेक भागांत जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हाळा लांबतो, म्हणून तिथे पहिली घंटा जूनच्या शेवटी शेवटी वाजते. त्याआधीचे आठ-दहा दिवस घराघरांत धांदल असते. वह्यांना खाकी कव्हरे घालायची, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, पुढच्या पावसाळ्यातही यावा म्हणून रेनकोट एक माप मोठा घ्यायचा. ज्या घरातले मूल तीन ते सहा वर्षांचे आहे, तिथे या धांदलीखाली एक घालमेलही चालू असते. मूल पहिल्यांदाच रोज काही तास घरच्यांच्या नजरेआड जाणार असते. आईवडिलांना त्याचा आनंद होतो, काळजी वाटते, थोडे सुटल्यासारखे वाटते आणि सुटल्यासारखे वाटले म्हणून अपराधीही वाटते. हे सगळे एकाच सकाळी, कधी एकाच मिनिटात.

मुलाच्या रडण्याचे कारण त्याच्या वाढीतच आहे. साधारण आठव्या महिन्यापासून आई दिसेनाशी झाली की बाळ कासावीस होऊ लागते. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास ही भीती सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांत ओसरत जाते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या त्रिखंडी ग्रंथात मूल आणि त्याचे जवळचे माणूस यांच्यातल्या या बंधाची सविस्तर मांडणी केली. जवळच्या माणसाचा भरवसा असला की मूल दूर जाऊन जग हाताळून पाहते, आणि धास्तावले की त्याच्याकडेच परत येते. बालवाडीचे वय नेमके भीती ओसरण्याच्या काठावर येते. त्यामुळे एकाच वर्गात एक मूल मागे वळूनही न पाहता आत पळते आणि दुसरे आईच्या ओढणीचा बोळा मुठीत धरून बसते. दोन्ही मुलांचे ठीकच चाललेले असते. पहिल्याच्या आईला मात्र ‘याला माझी आठवणच येत नाही’ असे वाटते, आणि दुसऱ्याच्या आईला ‘माझेच काही चुकले’ असे.

या वयात घड्याळही कळत नाही. ‘साडेबाराला येते’ या शब्दांनी मुलाच्या हाती काही लागत नाही. ‘तू डबा खाल्लास, बाईंनी गोष्ट सांगितली, की मी फाटकाशी’ हे त्याला कळते, कारण त्यात त्याच्या ओळखीच्या गोष्टी आहेत. अर्थात, सांगितल्याप्रमाणे तिथे हजर असावे लागते. पहिल्या आठवड्यात फाटकाशी पाच मिनिटांचा उशीर झाला, तर तो मुलाला फार मोठा वाटतो.

खरा प्रसंग त्या फाटकापाशीच घडतो. शाळेच्या मावशी मुलाला कडेवर घेतात, ते अंग ताठ करून मागे झेपावते, एक बूट निघून चिखलात पडतो. आई तो उचलते, पुसते आणि तेवढ्या निमित्ताने आणखी अर्धे मिनिट थांबते. मग भिंतीच्या कडेला उभी राहून आतला आवाज ऐकत राहते. वीस जण एकदम रडत असतात आणि तिला त्यातले आपले एक रडणे वेगळे ऐकू येते. आत बऱ्याचदा काही मिनिटांतच चित्र पालटते. बाई मातीचा गोळा हातात देतात, शेजारचे मूल गाडी पुढे ढकलते, रडणे हुंदक्यांवर येते आणि थांबते. बाहेरच्या आईला हे दिसत नाही. ती मुलाचा रडका चेहरा घेऊन घरी किंवा कामावर जाते आणि तोच चेहरा दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर राहतो. मुलाचे दुःख त्याच्यापुरते सरलेले असते. तिने त्याचा शेवट पाहिलेला नसतो, म्हणून तिचे सरत नाही. पहिल्या आठवड्यात बाईंनी पालकांना एवढेच सांगितले की ‘तो दहा मिनिटांत खेळायला लागला’, तर त्यांचा केवढा तरी भार उतरतो.

निरोप कसा घ्यावा याविषयी बालशिक्षणातल्या अनुभवी माणसांचे साधारण एकमत आहे. मूल खेळात रमले असताना गुपचूप सटकू नये. ते तेवढ्यापुरते सोपे जाते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल खेळायलाच तयार होत नाही, नजर दारावर ठेवून बसते. सांगून निघावे, थोडक्यात निघावे आणि रडणे ऐकून पुन्हा आत येऊ नये. आपल्या डोळ्यांत पाणी आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र मूल आपला चेहरा वाचत असते आणि तिथे भीती दिसली की ही जागा भीतीचीच आहे असे धरून चालते.

घरात आणखी एक माणूस असते, ज्याच्याकडे या दिवसांत कुणाचे फारसे लक्ष जात नाही. आईवडील दोघेही नोकरी करत असतील, तर मुलाचा आतापर्यंतचा दिवस आजीबरोबर गेलेला असतो. सकाळी दहाचा वरणभात, दुपारची झोप, गॅलरीतले कावळे. जूनमध्ये आईवडिलांच्या वेळापत्रकात थोडाच फरक पडतो. घर रिकामे होते ते आजीचे.

ही ओढाताण कमी करायची असेल तर शाळाच घराच्या जवळ नेता येते, हे महाराष्ट्रात फार पूर्वी करून दाखवले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोचली. अंगणवाडीची ताई त्याच गावातली किंवा वस्तीतली असते; मुलाचे वजन, लसी, आजारपण तिला आधीच माहीत असते. तिच्या हाती मूल सोपवणे आणि परक्या इमारतीच्या फाटकातून आत पाठवणे यांत मोठा फरक आहे. शहरातल्या पालकांना ही सोय सहसा मिळत नाही.

पहिलीत जाताना काळजीचे रूप बदलते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरला आहे, म्हणजे पहिली-दुसरीही खेळत शिकण्याचीच वर्षे मानली आहेत. घरात मात्र ‘याला अजून लिहिता येत नाही’ ही धाकधूक सुरू झालेली असते. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा असतात. सोडतीत नाव लागले की त्या घरी पेढे वाटले जातात, आणि रात्री आईवडील हळूच बोलतात: तिथली मुले आपल्या पोराला खेळायला घेतील ना? माध्यमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी शाळेत शिकलेले कितीतरी आईवडील मुलाला इंग्रजी शाळेत घालतात. डायरीतली ओळ वाचून घ्यायला शेजारी जावे लागते तेव्हा मुलाचा अभिमान वाटतो आणि आपण मागे पडत चाललो, हेही जाणवते. अशा पालकाला डायरीत मराठीतून दोन ओळी लिहून पाठवण्यात कोणत्याही शाळेचे काही कमी होणार नाही.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या घरी या भावनांचा क्रमच वेगळा आहे. जूनमध्ये मूल शाळेत जाते, बाराखडी गिरवू लागते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम आला की मूल बरोबर फडावर न्यायचे, आजीजवळ ठेवायचे की हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर सोडायचे, हे ठरवावे लागते. फाटकापाशी पाच मिनिटांचा निरोप जड जातो, तिथे हा निरोप पाच-सहा महिन्यांचा असतो. नव्या वर्षाच्या हुरहुरीविषयी बोलताना या घरांचे नाव आधी घ्यायला हवे.

बहुतेक मुले गणपतीपर्यंत रुळतात. ‘शाळेत काय केलेस?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर येते, आणि संध्याकाळी आंघोळीच्या वेळी अचानक एक नवे गाणे हातवाऱ्यांसकट बाहेर पडते. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन-चार दिवस पुन्हा रडारड झाली तर काळजीचे कारण नाही. रडणे चार आठवड्यांनंतरही तसेच राहिले, शाळेच्या दिवशीच पोट दुखू लागले किंवा उलटी होऊ लागली, झोप मोडू लागली, तर आधी वर्गशिक्षिकेशी आणि मग बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. रविवारी हीच पोटदुखी होते की नाही, हे लक्षात ठेवून त्यांना सांगावे.