ब्रेकच्या तेलांतलें पाणी

गेल्या वैशाखांत बेळगांवाहून मालवणास परततांना, आंबोलीचा घाट उतरत असतां, आमच्या गाडीचा ब्रेक एकाएकीं मऊ पडला. पेडल, उशींत पाय रुतावा तसें, खालीं जाऊं लागलें. गाडींत घरचीं पांच माणसें. चिरंजीवांनीं गिअर खालीं आणून व हातब्रेक बेताबेतानें ओढून गाडी डोंगराच्या अंगास उभी केली. अर्ध्या तासानें पाहतों तों पेडल पूर्ववत् ताठ!

या कोड्याचें उत्तर एका नांवांत दडलेलें आहे. ब्रेकच्या नळ्यांतील द्रवास सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण तें तेल नव्हे. (हा पंतोजीचा शब्दच्छल समजूं नये, कोणी खरोखरच इंजिनचें तेल ओतलें, तर आंतील रबरी वॉशर फुगून ब्रेक निकामी होतात.) तेलाचें व पाण्याचें पटत नाहीं, हा ग्लायकॉल जातीचा द्रव मात्र, श्रावणांत उघड्या बरणींतलें मीठ ओलावतें तसा, हवेंतील पाणी शोषतो. पायानें दिलेला दाब बंदिस्त द्रवांतून सर्व चाकांस पोंचतो, हें पास्कलच्या १६६३ सालीं छापलेल्या ग्रंथांतील तत्त्व. द्रव दाबानें आकसत नाहीं, वाफ आकसते. सारी मेख येथें आहे. ‘डॉट ३’ जातीचा ताजा द्रव २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. त्यांत शेंकडा तीन-चार भाग पाणी मिसळलें कीं १४० अंशांवरही उकळूं शकतो. घाटांत ब्रेक सतत दाबून धरला कीं मग पाय वाफेलाच दाबीत राहतो. निवल्यावर वाफेचें पुनः पाणी होतें. आमच्या गाडींतला द्रव पांच वर्षांचा होता. मध्यंतरीं पॅड बदलले होते. द्रवाची आठवण कोणास, आम्हांसही, झाली नव्हती.

पाऊस लागण्यापूर्वीं हें काम घरच्या खळ्यांतच काढलें. चाकास अटकाव म्हणून जांभ्याचा चिरा चालतो; गाडीचा भार मात्र चिऱ्यावर कधींही देऊं नये, तो अवचित फुटतो. त्यास लोखंडी स्टँडच पाहिजे. खाऱ्या हवेनें निपल गंजलेले होते; आदल्या रात्रीं गंज सुटण्याचें तेल सोडून ठेवलें. इतक्यावरही निपल हलला नसता, तर बळजोरी न करतां मिस्त्रीस बोलावलें असतें. पॅडची धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

नवे पॅड बसल्यावर हवा काढण्यास दोन माणसें लागतात. आमच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणें आरंभ सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून. निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतील ताज्या द्रवांत बुडविलें. सूनबाई पेडलवर, चिरंजीव चाकाशीं. ‘दाबा’ म्हटलें कीं दाबून धरावयाचें, निपल उघडून मिटेपर्यंत पाय उचलावयाचा नाहीं. नाहींतर बाहेरची हवा आंत ओढली जाते. मधल्या एका फेरींत चहाची हांक आली, पाय सुटला, आणि तें चाक पुनः पहिल्यापासून करावें लागलें. वरच्या डबींत द्रव भरीत राहण्याचें काम आमचें. रंगावर थेंब पडतांच पाणी ओतावें, नाहींतर रंग उठतो. ज्या गाड्यांचा ब्रेक संगणकाच्या ताब्यांत असतो, त्यांचें हें काम गराजांतच करून घ्यावें.

एक चूक मात्र झालीच. नव्या पॅडनंतर पेडल ताठ होईपर्यंत गाडी उभी असतांनाच दाबावें लागतें. तें न करतां आम्ही गाडी मागें घेतली आणि ती माडास टेकली.

भाद्रपदांत पुनः आंबोली उतरलों. पेडल ताठ होतें. गिअर मात्र पहिल्या वळणापासून दुसराच ठेवला होता.