सॅक घेताना आधी बारदान पाहा

पूर्वी लांबचा प्रवास म्हटला की पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. आता घरातली मुलगी दिल्लीला मुलाखतीला जाते, मुलगा बंगलोरला नोकरीला लागतो, एखाद्या अभ्यासदौऱ्यात आपणही विमानात चढतो. अशा वेळी पाठीवरची सॅक सोयीची. हात मोकळे राहतात आणि एस.टी., रेल्वे, विमान सगळीकडे तीच चालते. मात्र ती नुसता रंग पाहून घेऊ नका. दुकानात दोन-तीन सॅका समोर ठेवा आणि पुढील गोष्टी ताडून पाहा.

बारदान किती?

धान्याच्या मापात पोत्याचे वजन वजा धरतात. विमानतळावर तसे होत नाही. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर सोबत नेण्याच्या पिशवीला ७ किलोची मर्यादा असते आणि त्यात रिकाम्या पिशवीचे वजनही आले. चाकांची बॅग रिकामीच अडीच किलो भरली, तर सामानाला उरले साडेचार किलो. सॅक एक किलोची असेल, तर सहा किलो. म्हणून दुकानदाराला रिकामी सॅक काट्यावर ठेवायला सांगा. यात संकोच कसला? मर्यादा ओलांडली, तर ऐन वेळी जादा पैसे मोजावे लागतात.

माप

बहुतेक ठिकाणी ५५ सें.मी. उंच, ३५ रुंद आणि २५ जाड एवढीच पिशवी सोबत नेता येते. तरी आपल्या तिकिटावरचा नियम आधी वाचून घ्या. पट्टीने मोजताना बाहेरचे कप्पे भरून मोजा. सॅकवर लिटरचा आकडा असतो, तो आतल्या जागेचा. वरच्या मापाचा अख्खा ठोकळा सुमारे ४८ लिटरचा होतो. तेव्हा पन्नास लिटरची सॅक घेऊन उपयोग नाही. तीस ते चाळीस लिटर पुरे.

खांदा सांभाळा

जू नीट बसले नाही, तर बैलाला खांदेसूज येते. माणसाच्या खांद्याचेही तसेच आहे. पट्टे रुंद आणि आतून गादी भरलेले हवेत. कमरेला पट्टा असेल, तर बराचसा भार कमरेवर उतरतो. सॅकमध्ये पाच-सहा किलो वजन भरून दुकानातच दहा मिनिटे फिरा. पट्टा मानेला घासतो का, सॅक मागे ओढते का, ते लगेच कळेल.

शिवण आणि चेन

सॅक बहुधा फाटते ती पट्ट्याच्या मुळाशी. तिथे पुन्हा पुन्हा मारलेली घट्ट शिलाई हवी. चेन कोपऱ्यावरून दहा वेळा फिरवून पाहा, अडली तर ती सॅक ठेवून द्या. कापडावर ‘डेनिअर’चा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड, पण सॅकही तितकी जड. पावसाळ्यासाठी वरून घालायची खोळ मिळते का, तेही विचारा.

तोंड कुठे?

डोंगर चढणाऱ्यांच्या सॅकला तोंड वर असते. तळाचा सदरा हवा, तर सगळे उपसावे लागते. प्रवासाला पेटीसारखी पुरी उघडणारी सॅक बरी.

भरताना

सुरी, विळा सोबतच्या सॅकमध्ये चालत नाही. परदेशी जाताना पातळ पदार्थाची बाटली १०० मि.लि.हून मोठी नको. मोबाइलची पॉवर बँक मात्र सोबतच ठेवावी लागते, ती मोठ्या बॅगेत घालून सामानात देऊ नये. सुके खोबरे तेलकट आणि पेट घेणारे असल्यामुळे सामानात घेत नाहीत, ते घरीच राहू द्या.

शेवटचे एक सांगणे. सॅक ज्याच्या पाठीवर जायची, त्यालाच दुकानात न्या. मुलीची सॅक वडिलांच्या पाठीवर लावून पारखू नका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खांद्याला बसेल तीच घ्या.