रक्तातले दप्तर आणि सुप्याची वही

वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे जुन्या काळी वादी आणि प्रतिवादी या उभयतांकडून करीना लिहून घेण्याचा प्रघात होता. करीना म्हणजे आपल्या घराण्याची व हक्काची मुळापासूनची हकीकत: मूळपुरुष कोण, त्याने पांढरी कशी वसवली, दुष्काळात परागंदा कोण झाले, मागे राहिलेल्या भाऊबंदाने मानपान कसा बळकावला, पादशाही बदलली तेव्हा सनद कोणाच्या पेटीत राहिली, हा सारा मजकूर तीत येई, आणि सांगणाऱ्या वारसाने त्यांतला एकही प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला नसून तो आजा-पणजाच्या मुखातून त्याच्या कानी आलेला असल्यामुळे, गोतसभेपुढे खरा प्रश्न असा पडे की या मनुष्याच्या ठिकाणी वसलेली ही दोनशे वर्षांची स्मृती प्रमाण मानावी, की वतनाच्या लोभाने रचलेली समजावी. मग साक्षी होत, सभेचा महजर लिहिला जाई, त्यावर पाटलाचा नांगर उमटे आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. एवढ्यानेही निवाडा न झाला, तर दिव्य करावयाचे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून तिच्यावर मोहर करायची आणि तिसऱ्या दिवशी सभेसमक्ष तो उघडून पाहायचा. कागद आणि जबान दोन्ही थकली म्हणजे वारसाच्या देहालाच साक्षीस बोलवावे, अशी ती कल्पना होती.

हे सर्व मला गेल्या उन्हाळ्यात आठवले ते एका संगणकीय खेळामुळे. सुट्टीत माझ्या गावी, बारामती तालुक्यातील सुप्याला, आलेला माझा भाचा दुपारभर एका पडद्यासमोर बसून असे, आणि मी त्याच्यामागे उभा राहून, प्रथम कुतूहलाने, पुढे काहीशा संशोधकी हव्यासाने, 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेची कथा त्याच्याकडून वदवून घेत असे. वरवर पाहता हा तलवारबाजीचा आणि धाब्यांवरून धावण्याचा खेळ. परंतु त्या ऐतिहासिक देखाव्याच्या पाठीमागे एक विज्ञानकथा बसविलेली आहे, आणि तिचा विषय नेमका करीन्याचाच आहे.

मालिकेचा पहिला खेळ २००७ साली निघाला. त्याची मूळ कल्पना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या खेळाची शाखा म्हणून निघाली होती. तीत राजपुत्राऐवजी त्याचा अंगरक्षक नायक व्हायचा होता, आणि युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रिऑल येथील कार्यालयात ती वाढत वाढत स्वतंत्र झाली. कथा अशी: डेझमंड माइल्स नावाच्या मद्यालयात नोकरी करणाऱ्या एका तरुणास २०१२ साली अब्स्टर्गो नावाची बलाढ्य कंपनी पळवून नेते आणि 'अॅनिमस' या यंत्रावर निजविते. मनुष्याच्या जनुकांत त्याच्या पूर्वजांचे अनुभव साठविलेले असतात आणि हे यंत्र ते उलगडून दाखविते, असे गृहीत आहे. डेझमंड डोळे मिटतो आणि ११९१ सालच्या सीरियात, तिसऱ्या क्रुसेडच्या धामधुमीत, अल्ताइर नावाच्या आपल्या पूर्वजाच्या देहात जागा होतो. अल्ताइर हा मासयाफच्या गढीतील हशाशिनांच्या गुप्त पंथाचा शिपाई. त्याच्या पंथाचे आणि टेम्पलर सरदारांचे हाडवैर. टेम्पलरांचे म्हणणे असे की मनुष्यजातीला शांतता हवी असेल तर तिच्यावर हुकमत चालवावी लागेल. हशाशिनांचे म्हणणे असे की स्वेच्छा गेल्यावर उरणाऱ्या शांततेला काही किंमत नाही. अब्स्टर्गो कंपनी हे त्या टेम्पलरांचेच आधुनिक रूप असून, 'ईडनचे फळ' नावाची मनांवर सत्ता चालविणारी पुरातन वस्तू कोठे दडली आहे, हे तिला मृतांच्या स्मृतीतून हुडकून काढायचे आहे. वारसाची साक्ष तर काढायची, परंतु वतन मात्र साक्ष काढणाऱ्याने खायचे!

शास्त्राच्या कसोटीस ही कल्पना टिकत नाही, हे उघड आहे. जनुकांत देहाच्या घडणीचा आराखडा असतो. पणजोबांनी पाहिलेली लढाई त्यांत नसते. दुसरी अडचण तर्काची. दहा पिढ्या मागे गेले की हिशेबाने १०२४ पूर्वज होतात. त्यांतून एकट्या वीराचीच आठवण कशी यावी? आमच्या करीन्यांनी ही अडचण बायकांची नावे गाळून सोडविली होती, आणि खेळाने ती यंत्राच्या माथी मारली. तथापि एके ठिकाणी कर्त्यांची तर्कनिष्ठा मला खरोखर दाद देण्याजोगी वाटली. पित्याकडून पुत्राला जी स्मृती मिळेल ती पुत्र गर्भी राहण्याच्या क्षणापर्यंतचीच असणार. त्यापुढचे बापाचे आयुष्य, त्याचे वार्धक्य, त्याचा मृत्यू हे रक्तात उतरूच शकत नाहीत. २००९ सालच्या दुसऱ्या खेळात अल्ताइरच्या स्मृतीत तो क्षण येताच दृश्य त्याला सोडून मातेच्या मागोमाग चालू लागते. कथेला सोयीचे नसलेले परिणामही पत्करणे, हे चांगल्या विज्ञानकथेचे लक्षण आहे.

त्याच दुसऱ्या खेळात मालिकेचा सर्वांत उंच प्रसंग आहे. एझिओ आउडिटोरे हा फ्लॉरेन्सचा तरुण, बाप आणि भाऊ फासावर गेल्यानंतर सूडाच्या वाटेला लागतो, तेवीस वर्षे घालवितो आणि अखेरीस १४९९ साली व्हॅटिकनच्या तळघरात पोहोचतो. तेथे मानवजातीच्याही पूर्वी पृथ्वीवर राज्य करून सूर्यप्रकोपाने नष्ट झालेल्या 'इसू' नामक जातीची एक देवतासदृश स्त्री प्रकट होते आणि त्याच्याकडे पाहून, परंतु त्याला ओलांडून, पाचशे वर्षांनंतर ही स्मृती पाहणाऱ्या डेझमंडशी बोलू लागते. एझिओ चकित होऊन विचारतो की ही कोणाशी बोलते आहे. त्याला उत्तर मिळत नाही. ज्याने आयुष्य वेचले तो केवळ लखोटा ठरतो, पत्र दुसऱ्याच्या नावचे असते. मला येथे आमच्या सनदांची आठवण झाली. सनद ज्याच्या हाती पडे त्याच्याशी तिचा अर्धाच संबंध असे. पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालवावे आणि पुढच्या अंमलदारांनी दरसाल नव्या सनदेचा उजूर करू नये, हा तिचा उरलेला मजकूर अजून न जन्मलेल्यांना उद्देशून असे.

'ब्रदरहूड' आणि 'रेव्हलेशन्स' हे पुढील दोन खेळ एझिओला रोम आणि कॉन्स्टँटिनोपल येथे नेतात. ते उत्तम आहेत, पण कथेच्या दृष्टीने फार पुढे सरकत नाहीत. २०१२ च्या तिसऱ्या खेळात अमेरिकन क्रांतियुद्धाची पार्श्वभूमी असून, त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला डेझमंड नव्या सूर्यप्रकोपापासून पृथ्वी वाचविण्याकरिता प्राण देतो, आणि तसे करताना जूनो नावाची बंदिस्त दुष्ट शक्ती मोकळी सुटते.

येथून मालिकेची कथा, माझ्या मते, घसरणीस लागली. मात्र त्या घसरणीच्या पहिल्याच पायरीवर तिला तिचा सर्वांत मार्मिक विचार सुचला. २०१३ च्या 'ब्लॅक फ्लॅग' या खेळात खेळणारा मनुष्य अब्स्टर्गोच्या करमणूक विभागात नोकरीस लागतो. डेझमंडच्या मृतदेहातून कंपनीने नमुने काढून ठेवलेले आहेत, आणि त्याच्या चाचेगिरी करणाऱ्या पूर्वजाची स्मृती पाहून तिच्यातून विक्रीयोग्य करमणूक निर्माण करणे, हे या नोकराचे काम. आता वारसाची गरजच उरली नाही! पूर्वजाची आठवण पाहण्यास त्याचा वंशज असावे लागत नाही, कंपनीचा पगारदार असणे पुरते. २०१७ च्या 'ओरिजिन्स'मध्ये तर इजिप्तमधील एका जतन केलेल्या प्रेतातून थेट स्मृती काढली जाते. इतिहासाची सजावट करून विकणाऱ्या कंपनीने आपल्याच धंद्याचे हे चित्र काढावे, यात विनोद आहे आणि थोडे धाडसही.

पुढे ग्रीस, व्हायकिंगांचे इंग्लंड, बगदाद आणि मार्च २०२५ मध्ये सोळाव्या शतकातील जपान असे देखावे आले. नकाशे विस्तारले, आधुनिक कथा मात्र आकसत गेली. नायकाच्या बळीने जी जूनो मोकळी सुटली, तिचा शेवट एकाही खेळात न दाखविता एका चित्रकथेच्या पुस्तकात उरकला. बखरकाराने पानिपताची तयारी शंभर पाने वर्णावी आणि लढाई समासात लिहावी, तशातला हा प्रकार. हिंदुस्थानच्या वाट्याला मुख्य मालिकेतील एकही खेळ आलेला नाही. २०१३ ची 'ब्रह्मन्' ही चित्रकथा आणि १८४१ सालच्या अमृतसरात घडणारा, २०१६ मध्ये निघालेला एक छोटा उपखेळ, एवढेच. वस्तुतः याच कंपनीची कचेरी पुण्यात २००८ पासून आहे, आणि ज्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पोटी ही मालिका जन्मली त्याच्या एका खेळाची नवी आवृत्ती २०२० मध्ये पुणे आणि मुंबईच्या कचेऱ्यांकडे सोपविल्याचे जाहीर झाले होते. दोन वर्षांनी ते काम माँट्रिऑलला गेले.

भाच्याने मला विचारले की सुप्यावर असा खेळ निघाला तर त्यात काय असेल. त्याला शिवाजी महाराजांचा प्रसंग अपेक्षित होता, आणि तो आहेही. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता; ठाण्यावर महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते होते. महाराज शिमग्याचे पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागण्याच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले, मामांना कैद केले आणि तीनशे घोड्यांच्या पागेसह ठाणे ताब्यात घेतले, असे सभासदाची बखर सांगते. पोस्त मागावयास जाऊन परगणाच घेऊन येणे, हा नाट्याचा ऐवज आहे खरा. परंतु या घटनेच्या सालाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही, आणि सुप्याचा खरा विषय तो नव्हेच, असे मी त्याला सांगितले. स्मृती कोठे साठविलेली असते आणि ती कोणाच्या ताब्यात असते, हा जर त्या खेळाचा विषय, तर सुप्याचा प्रसंग १२ मे १८७५ चा आहे.

त्याची पूर्वपीठिका शेजारच्या इंदापुरात सुरू होते. इंग्रज अंमलदार प्रिंगलची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी बसविली, आणि तीस वर्षांच्या मुदतीची ती रीत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. दर प्रथम हलके होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हा येथील कापसाला भाव चढला आणि सावकारांनी हात मोकळा सोडला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास इंदापूरची तीस वर्षे भरून फेरआकारणीत सारा वाढला. सावकाराने हात आखडता घेतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षेच ग्राह्य ठरला होता. कायदा रयतेच्या संरक्षणासाठी, परिणाम उलटा: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहवून घ्यावयाचा, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याने त्यावर निशाणी करावयाची. वसूल दिल्याची पावती मिळेलच असे नाही. कुणब्याने काय घेतले, किती फेडले, किती उरले, त्याच्या आयुष्याची ही सारी हकीकत सावकाराच्या वहीत, सावकाराच्या हातची, सावकाराच्या पेटीत. अब्स्टर्गोला याहून अधिक काय हवे होते?

सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातील बाजाराचे गाव होते आणि सावकार-दुकानदारांची येथे मोठी वस्ती होती. त्या बुधवारी आसपासच्या खेड्यांतील रयत जमली, गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेली, वह्या आणि कर्जरोखे मागितले, ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली गेली. येथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदविलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: दंगेखोरांचा रोख रोख्यांवर होता, आणि जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

निरक्षर म्हणून ज्यांची गणना होई, त्या माणसांना कागद म्हणजे काय, हे किती नेमके कळले होते! जिवंत मनुष्याला सोडून त्यांनी स्मृतीवर हात टाकला. खेळातला डेझमंड, यंत्रावर निजून, शत्रूच्या पंज्यात आपल्या पूर्वजांचा शोध घेतो आणि त्या स्मृती जागेपणीही त्याच्या डोक्यात झिरपू लागतात. त्याच्या आधीचा कैदी तर त्या भाराने वेडा होऊन स्वतःच्या रक्ताने भिंतीवर आकृत्या रेखून मेला. यंत्र मात्र शाबूत राहते. सुप्याच्या रयतेने पहिल्याच दिवशी यंत्राला आग लावली.

परंतु जळाले ते सगळेच एका बाजूचे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. त्या वह्यांत फेडीच्या जमाही असतील. रोख्यांत शेताच्या चतुःसीमा, बैलांच्या किमती, लग्नाच्या खर्चाचे आकडे असतील. साध्या कुणब्याचा करीना कोणी लिहून घेतला नव्हता, कारण त्याच्याकडे भांडण्याजोगे वतन नव्हते. त्याच्या संसाराचा जो काही लेख होता तो त्याच्या सावकाराच्याच वहीत होता, आणि तोच त्याने स्वतःच्या हाताने जाळला. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यात सुरक्षित आहेत, गो. स. सरदेसायांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यांत परगणे आहेत, पागा आहेत, मोहिमा आहेत.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली आणि त्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर झाल्यावाचून ग्राह्य धरू नये असे ठरविले. शिवाय फेडीची पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि स्वतःचे खातेपुस्तक सावकाराकडून मागण्याचा अधिकार ऋणकोला दिला. म्हणजे १८७९ नंतरच्या अशा कागदांची एक प्रत शेतकऱ्याच्या घरी असण्याचा संभव आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ज्या वाचकांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेले असे मोडी किंवा बाळबोध कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसास दाखवावेत. सुप्यास आलात तर मीही वाचून देईन.