मैदानावरील प्रार्थना

इंग्रजीत एक कादंबरीप्रकार चांगलाच रुळलेला आहे. नायक धंदेवाईक फुटबॉलपटू असतो. ऐन उमेदीत त्याला दुखापत होते, संघातील जागा जाते, मन ढासळते आणि अखेरीस ख्रिस्तावरील विश्वास त्याला पुन्हा मैदानावर उभा करतो. अशा पुस्तकांकडे आपले रसिक ‘प्रचारकी’ म्हणून पाठ फिरवितात. परंतु मराठी कादंबरीचा श्रीगणेशाच ख्रिस्ती श्रद्धेच्या कथेने झाला, याचा विसर पडता कामा नये. मूळचे बेळगावचे बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ते हिंदू विधवांची दैन्यावस्था दाखविण्यासाठी आणि आपल्या नव्या धर्माचा आधार सांगण्यासाठी. त्यातील यमुनेला श्रद्धेमुळे वैभव लाभत नाही. उलट वैधव्य तिच्या वाट्यास येते. श्रद्धेने काय मिळवून दिले, यापेक्षा सारे हातचे गेल्यावर तिने माणसाला कसे उभे ठेवले, हाच अशा कथेचा खरा कस होय.

फुटबॉलच्या कथेत नेमकी येथेच गफलत होते. २००७ साली अथेन्स येथे युरोपीय अजिंक्यपद जिंकल्यावर ब्राझीलचा काका गुडघे टेकून बसला. ‘मी येशूचा आहे’ अशा अर्थाची अक्षरे त्याच्या सदऱ्यावर होती. दृश्य हृद्य होते. पण हरणाऱ्या संघातही देवाचे नाव घेणारे असतातच की! गोल होणे हेच प्रार्थनेचे उत्तर मानले, तर त्यांच्या प्रार्थनेचे काय झाले म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आम्हां हैदराबादकरांना दूर जाण्याचे कारण नाही. भारतीय फुटबॉलचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम याच शहराचे, आणि मूळचे आमच्याच पेशाचे, म्हणजे शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीम यांनी त्यांना घरी न बसविता आघाडीवर धाडले. आजारपणामुळे उपान्त्य सामन्यास मुकलेल्या पीटर थंगराज यांना त्यांनी अंतिम सामन्यात पुन्हा गोलरक्षणास उभे केले. थंगराजही हैदराबादचेच सुपुत्र. विरोधी घोषणा देणाऱ्या अफाट जनसमुदायासमोर, ४ सप्टेंबर रोजी भारताने त्याच कोरियाला २-१ असे नमविले. त्यांतील एक गोल जर्नेलसिंगांचा होता. कर्करोगाने ग्रासलेले रहीम पुढील वर्षी जूनमध्ये निवर्तले. मुसलमान गुरू, शीख वीर, चुनी गोस्वामींसारखा बंगाली कर्णधार आणि पीटर नावाचा गोलरक्षक, असा तो मेळ होता. प्रत्येकाची प्रार्थना वेगळी असेल. परंतु पहिल्या पराभवानंतर कोणीही कर्तव्यास चुकला नाही.

अलीकडचे उदाहरण धंदेवाईक खेळाचे आहे. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात हैदराबाद एफ.सी. संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. बरोबरीनंतरच्या पेनल्टींत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनी यांनी तीन फटके अडविले. पण दोनच वर्षांत त्या संघाची आर्थिक घडी विसकटली, खेळाडूंचे पगार थकले, अनेकांनी वाट धरली. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीस गेला. विजयाच्या रात्री देवाचे आभार सारेच मानतात. पगार थकल्यावर दुसऱ्या दिवशी सरावास बूट बांधणाऱ्याची श्रद्धा कादंबरीकाराने टिपावी. तिला धर्माचे नाव कोणतेही असो.

हा विषय आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो, याचे कारण आमचे दिलसुखनगर. येथे गल्लोगल्ली शिकवणीवर्ग आहेत आणि शिर्डीच्या साईंचे मंदिरही आहे. परीक्षांच्या दिवसांत दोन्हीकडे गर्दी उसळते. मुले हात जोडतात, नवस बोलतात. त्यांतील कित्येकांची नावे यादीत येत नाहीत. मग घरातील वडीलधारी माणसे गप्प होतात आणि मुलास वाटते, देवाने आपल्याला टाकले. शिक्षक या नात्याने अशी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांना विजेत्यांच्या कथा पुष्कळ ऐकविल्या जातात. पहिला सामना गमावून दुसऱ्यास उतरणाऱ्याची कथा मात्र क्वचितच.

ती कथा मराठीत यावी, अशी आमची इच्छा आहे. बेळगावच्या एका लेखकाने विधवेच्या दुःखातून मराठी कादंबरी घडविली. हैदराबादच्या एखाद्या मराठी लेखणीने फुटबॉलच्या मैदानाकडे का वळू नये? ती येईल तेव्हा येवो. तोवर, वाचकहो, निकालाच्या दिवशी उतरल्या चेहऱ्याने घरी आलेल्या मुलास प्रथम गुण विचारू नका. त्याला पोटभर जेवू घाला, आणि नंतर जर्नेलसिंगांच्या टाक्यांची गोष्ट सांगा.